डोंगर मागं जातच नाहीत? तैलरंगातल्या या चुका टाळा

पुढं उसाचा हिरवागार फड आणि त्यामागं कोल्हापूरजवळचा जोतिबाचा डोंगरही तेवढाच हिरवागार. नवशिक्यांच्या निसर्गचित्रात हे हमखास दिसतं. मग डोंगर लांब दिसावा म्हणून त्यात निळा ओतला जातो. तरी डोंगर तिथंच! कारण गफलत रंगात नसते, गडद-फिकटपणात, म्हणजे टोनमध्ये असते.

आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेत उजेड विखुरलेला असतो. तो आधी लांबच्या सावल्यांवर चढतो आणि त्या फिकट, निळसर होतात. म्हणून मागच्या रांगेतली सगळ्यांत गडद सावलीसुद्धा पुढच्या रांगेतल्या सावलीपेक्षा फिकटच हवी. ब्रश उचलण्याआधी पॅलेटवर तीन ढीग करून ठेवा. लांबच्या रांगेसाठी भरपूर टिटॅनियम व्हाइट, थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). मधल्या रांगेला पांढरा कमी. जवळच्या उताराला यलो ऑकर (मातकट पिवळा) येऊ द्या. डोळे बारीक करून बघा, किंवा चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात दोन रांगा एकमेकींत मिसळून गेल्या, तर टोन चुकला. लांबच्या कडा थोड्या पुसट ठेवा, म्हणजे निम्मं काम होतं. गुऱ्हाळांच्या हंगामात सकाळचं धुकं आणि धूर मिळून हे सगळं आयतंच दाखवतात. पाऊस उघडल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि पन्हाळा हाताला लागेल असा दिसतो. अशा दिवशी नवशिक्यानं डोंगर रंगवायला बसूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक चित्रकलेच्या व्हिडिओंमुळं होते. नाइफनं, म्हणजे रंग लावायच्या सुरीनं ओढलेली टोकदार बर्फाळ शिखरं बघून हात तसाच वळतो आणि पन्हाळ्याला सुळका फुटतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार बघा: माथा सपाट, खाली कडा, मग उतार. आडव्या रेषा आधी बसवा.

वेळही ठरवून घ्या. कोल्हापूर शहरातून पन्हाळा-जोतिबा वायव्येला दिसतात. सकाळी ऊन आपल्याकडच्या उतारांवर पडतं, घळी उठून दिसतात. संध्याकाळी सूर्य त्यांच्या मागं गेला की उरते नुसती बाह्यरेषा. दोन्ही सुंदर, पण एकाच कॅनव्हासवर दोन्ही नकोत. काम अर्धवट राहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची कोटितीर्थ तळ्याची चित्रं पाहताना उजेडाच्या वेळेकडं लक्ष द्या.

रंगांचा चिखल होतोय? ब्रश पुसत चला, एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग घालू नका आणि ओल्या जागेवर घोटत बसू नका. ट्यूबमधला सॅप ग्रीन (तयार हिरवा) तसाच लावला तर प्लॅस्टिकचा दिसतो. त्यात बर्न्ट सिएना घाला.

पहिला थर टर्पेंटाइननं पातळ केलेला हवा, जवसाचं तेल वरच्या थरांत वाढवत न्या. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पावसाळ्यात त्याला जास्त दिवस लागतात, म्हणून चित्र गुंडाळून माळ्यावर टाकू नका. अंधारात तेल पिवळंही पडतं. वार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नका: त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.