उत्तरेतला रस्ता कागदावर कसा वाचायचा

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, यलोनाइफला, मी मालट्रकांचं वेळापत्रक लावते. कुणाचं डिझेल, कुणाचा जनरेटर, कुठल्या शाळेची बाकं. सरकारचा रस्ते-आराखडा आला की मला तो वाचावाच लागतो, कारण आज नकाशावर ओढलेली रेघ उद्या माझ्याच गळ्यात पडणार असते. नियोजन शिकणारे दोघं-तिघं हल्ली विचारत असतात, म्हणून माझी पद्धत लिहून ठेवते.

आधी नकाशा मिटा आणि कॅलेंडर काढा. दक्षिणेत रस्ता असतो किंवा नसतो. इथे तो अमुक तारखेला असतो आणि तमुक तारखेला नसतो. फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ मॅकेन्झी नदीवर डेहचो पूल ३० नोव्हेंबर २०१२ ला खुला झाला. त्याआधी उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता, आणि नदीवरचा बर्फ फुटताना किंवा नदी गोठताना यातलं काहीच नाही. त्या दिवसांत माल हेलिकॉप्टरला लटकवून पलीकडे नेत. पुलाने अंतर एका किलोमीटरनेही घटवलं नाही, पण कॅलेंडरमधली भोकं बुजली. (उत्तरेला येणाऱ्या मालट्रकांना टोल बसला, तो मी अजून बिलात लावतेच.) म्हणून आराखड्यात पहिला प्रश्न हा: वर्षातले किती दिवस वाढणार, आणि नेमके कुठले?

हिवाळी रस्त्याची तारीख दिली असेल तर ती सरासरी आहे की सर्वांत वाईट वर्षाची, ते तळटीपेत शोधा. नवीन असताना मी सरासरी धरून एक अवजड जनरेटर भरून ठेवला. बर्फ धरायला उशीर झाला, ट्रक अंगणात उभाच, आणि मी रोज सकाळी जाडीचा आकडा विचारत बसले. तेव्हा एकाने भोक पाडून काढलेला बर्फाचा दांडा हातात दिला. वरचा भाग दुधी, खालचा निळसर काचेसारखा. दुधी भाग म्हणजे हिम भिजून गोठलेला, त्याची ताकद हिशेबात निम्मीच धरतात. शिवाय गणित असं, की बर्फ पेलू शकतो तो भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी २० टक्के कमी भरली तर भार ३६ टक्क्यांनी उतरवावा लागतो. 'रस्ता खुला' या दोन शब्दांखाली हे सगळं झाकलेलं असतं, म्हणून कोरी तारीख मान्य करू नका. कुठल्या तारखेला किती टन, असा तक्ता मागा.

मग जमीन. कायम गोठलेल्या जमिनीवर खोदाई हा शब्द दिसला की मी पेन्सिलीने गोल करते. वरचं शेवाळ खरवडलं की खालचा बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे १३८ किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर २०१७ ला सुरू झाला. तिथे जमीन कापलीच नाही. भर थंडीत टुंड्रावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे भरावाखाली घालायचं मजबूत कृत्रिम कापड, अंथरलं आणि वर भराव टाकला. पण गोठलेला भराव उन्हाळ्यात सैल होऊन बसतो, पुन्हा खडी, पुन्हा रस्ता सपाट करणारा ग्रेडर. खर्च सुमारे २९.९ कोटी डॉलर, त्यातले २० कोटी केंद्राचे. बांधायला पैसा केंद्र देतं, पण रस्ता राखायचा टेरिटरीने, आणि इथे अख्खी लोकसंख्या ५० हजारांच्या आत. म्हणून देखभालीचं पान आधी उघडा. ते पान दीड परिच्छेदाचं असेल तर बाकीची रंगीत पानं सावकाश बघितली तरी चालतील.

पर्यायांची तुलना बारकाईने वाचा. महामार्ग क्रमांक १ रिग्लीला संपतो. पुढे नॉर्मन वेल्सपर्यंत सुमारे ३२१ किलोमीटर बारमाही रस्त्याचा प्रस्ताव आहे. तिथला जड माल उन्हाळ्यात मॅकेन्झी नदीतून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेने, जायचा. २०२४ ला पाणी इतकं उतरलं की नॉर्मन वेल्स आणि टुलिटाच्या बार्ज फेऱ्या रद्द झाल्या, इंधन विमानाने न्यावं लागलं. तेव्हा तुलनेत बार्जचा दर कुठल्या वर्षांचा धरलाय, हे बघा. जुन्या, भरल्या नदीच्या वर्षांचा असेल तर बार्ज उगाच स्वस्त दिसते.

हरकती-सूचनांचा टप्पा सोडू नका. मॅकेन्झी खोऱ्यातले मोठे प्रकल्प १९९८ च्या कायद्याखालच्या पर्यावरण परीक्षण मंडळापुढे जातात. मंडळावर मूळ रहिवाशांच्या शासनांनी सुचवलेले सदस्यही असतात, आणि सगळी कागदपत्रं, पत्रं, प्रश्नोत्तरं सार्वजनिक नोंदवहीत ऑनलाइन दिसतात. आधी दुसऱ्यांचे प्रश्न वाचा. कॅरिबूंबद्दल (इथली रानटी रेनडियर), मासेमारीच्या ओढ्यांवरच्या मोऱ्यांबद्दल शिकाऱ्यांनी विचारलेलं वाचलं की आपल्याला काय सुचलंच नव्हतं ते कळतं. 'रस्ता हवाच' असं नुसतं लिहिलेल्या पत्राला कुणी उत्तर देत नाही, देणार तरी काय? मी गेल्या वेळी दोनच पानं पाठवली. लांब ट्रेलरला वळायला जागा कुठे नाही याची यादी, आणि तीन हिवाळ्यांतल्या माझ्या उशिरा पोचलेल्या फेऱ्यांच्या तारखा. त्यावर उलट टपाली प्रश्न आला: ट्रेलरची नेमकी लांबी किती?