ड्रायव्हर काढला, असे मला नऊ वेळा वाटले

स्वतः जुळवलेल्या पहिल्या संगणकातून नीट आवाज येण्यासाठी मला अकरा दिवस लागले. प्रोसेसर बसवताना माझा हात थरथरत होता, पॉवर सप्लायच्या तारा ओवताना बोटे सोलवटली होती, आणि तरीही यंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. अडले ते मात्र ज्याची मी क्षणभरही काळजी केली नव्हती त्या आवाजापाशी. मदरबोर्ड, बायॉस आणि डिव्हाइस मॅनेजर यांची वाचकांना तोंडओळख आहे असे धरून मी हे लिहीत आहे. ज्या एका खड्ड्यात मी पडले, त्याविषयी मात्र गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे, कारण त्या अकरा दिवसांचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

सुरुवात अगदी किरकोळ होती. विंडोज १० टाकून झाल्यावर मागच्या हिरव्या जॅकमधून स्पीकर व्यवस्थित वाजत होते, फक्त कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा हेडफोनचा जॅक मुका होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ एवढेच नाव दिसत होते. विंडोजच्या पोटात आधीपासून असलेला सर्वसाधारण ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यात दुभाष्याचे काम करणारा प्रोग्रॅम, लागला की हेच नाव दिसते. मी निष्कर्ष काढला की खरा ड्रायव्हर टाकला की पुढचा जॅकही बोलू लागेल. निष्कर्ष वरवर बरोबर वाटणारा होता आणि पूर्ण चुकीचा होता. जी गोष्ट मागे वाजते आणि पुढे वाजत नाही, तिची चौकशी आधी पुढच्या तारेपाशी करायची असते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी मी ऐकले असते की नाही, याची खात्री देता येत नाही.

त्यानंतर मी आळस केला. मदरबोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर जाऊन नेमके मॉडेल आणि बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला रिव्हिजन क्रमांक शोधण्याऐवजी, सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करून देणारा एक प्रोग्रॅम उतरवून चालवला. असल्या प्रोग्रॅमांविषयी माझे मत आता ठाम आहे आणि ते मी बदलणार नाही: जो प्रोग्रॅम ‘तुमचे सतरा ड्रायव्हर जुने झाले आहेत’ अशी भीती घालून सुरुवात करतो, त्याला तुमच्या संगणकाच्या दारातही उभे करू नये. जुना ड्रायव्हर हा दोष नसतो, चालत नसलेला ड्रायव्हर हा दोष असतो. त्या प्रोग्रॅमने माझ्या बोर्डासाठी न बनवलेला, पण तारखेने बराच नवा असलेला ध्वनीचा ड्रायव्हर बसवला. रीस्टार्ट झाल्यावर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली आली, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह कोड १० दिसू लागला, म्हणजे उपकरण सापडले आहे पण सुरू होऊ शकत नाही. आता मागचे स्पीकरही बंद पडले होते.

इथून पुढे मी जे केले ते जवळजवळ प्रत्येक नवशिका करतो. त्या नोंदीवर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडले, रीस्टार्ट केले, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून शहाण्यासारखा योग्य ड्रायव्हर उतरवून त्याचे सेटअप चालवले. शेवटी ‘यशस्वी’ असे लिहून आले, पुन्हा रीस्टार्ट केले आणि लाल फुली जागच्या जागी होती. हे मी नऊ वेळा केले. तिसऱ्या वेळेनंतर वाटले की उतरवलेली फाइलच खराब आहे, पाचव्या वेळेनंतर वाटले की विंडोज बिघडले आहे, आणि सातव्या वेळेनंतर मदरबोर्ड परत पाठवण्यासाठी मी त्याचे खोकेही शोधून काढले.

खड्डा होता तो असा. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ म्हटल्यावर विंडोज त्या उपकरणाची नोंद पुसते, ड्रायव्हरची फाइल पुसत नाही. संगणकात आलेला प्रत्येक ड्रायव्हर सिस्टिम ३२ या फोल्डरमधल्या ‘ड्रायव्हरस्टोअर’ नावाच्या कोठारात प्रतीच्या रूपाने ठेवला जातो आणि तिथेच राहतो. रीस्टार्ट झाल्यावर विंडोजला ध्वनीची चिप ‘नवीन’ म्हणून सापडते, ते कोठारात डोकावते, आणि तुम्ही सेटअपवर क्लिक करण्याच्या कितीतरी आधी तोच जुना ड्रायव्हर तिच्या गळ्यात बांधून मोकळे होते. त्याहून त्रासदायक गोष्ट निवडीच्या नियमात आहे. चिपच्या ओळखक्रमांकाशी सारखेच जुळणारे दोन ड्रायव्हर कोठारात असतील, तर विंडोज तारखेने नवा असलेला निवडते. माझा योग्य ड्रायव्हर तारखेने जुना होता आणि चुकीचा नवा होता, त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत चुकीचाच निवडून येत होता. सेटअपने ‘यशस्वी’ म्हटले तेव्हा ते खोटे बोलत नव्हते, कारण त्याने आपली फाइल कोठारात नेऊन ठेवलीच होती. तिला कोणी बोलावले नाही, एवढेच.

हे मला कळले ते एका वहीमुळे. आठव्या प्रयत्नाच्या वेळी, निव्वळ कंटाळ्यापोटी, मी त्या उपकरणाच्या गुणधर्मांतील ‘ड्रायव्हर’ या टॅबवरची तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक वहीत उतरवून ठेवला. नवव्या प्रयत्नानंतर पुन्हा पाहिले तर एक अंकही बदललेला नव्हता. नऊ वेळा ‘नवीन’ ड्रायव्हर टाकूनही त्या टॅबवरचा मजकूर तसाच होता. त्यामुळे नवख्यांना मी इतर काहीही सांगण्याआधी हे सांगते की सेटअपच्या शेवटी काय लिहून येते त्यावर विसंबू नका, तो टॅब उघडून क्रमांक पाहा, आणि सेटअपच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही क्रमांक लिहून ठेवा. पाठ राहील असे समजू नका. ठिपक्यांनी चार भागांत तोडलेले ते लांबलचक आकडे एकमेकांसारखे दिसतात आणि थकलेल्या डोळ्यांना हवे तेच वाचायला मिळते.

खऱ्या अर्थाने काढायचे कसे, तेही सविस्तर सांगते. आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, कारण कोठार रिकामे केले तरी विंडोज अपडेट तुमच्या नकळत दुसरा ड्रायव्हर आणून ठेवू शकते. मग अनइन्स्टॉल करताना जी छोटी चौकट उघडते, तिच्यात ड्रायव्हरचे सॉफ्टवेअरही काढून टाकायचे का, असे विचारणारा एक चौकोन असतो आणि तो मुळात कोरा असतो. त्यावर खूण करा. मी नऊही वेळा त्या चौकोनाकडे पाहिले होते, आणि उगाच काहीतरी जास्त पुसले जाईल या भीतीने तो कोरा ठेवला होता. एवढे करून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ निवडले की विंडोज कोठारातून पुन्हा कोणाला बाहेर काढते ते लगेच दिसते. सर्वसाधारण ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ दिसेपर्यंत हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण कोठारात एकाच चिपचे तीन-चार ड्रायव्हर साठलेले असू शकतात. चौकोनाने काम भागले नाही, तर प्रशासकीय अधिकारांसह उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर पीएनपीयूटिल ही आज्ञा आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची, ‘ओईएम’ आणि पुढे क्रमांक अशा नावाने, निर्माता, तारीख व आवृत्तीसह ती यादी देते, आणि त्या नावाने नेमका तो ड्रायव्हर काढूनही टाकते. इथे मात्र सावध राहा. त्या यादीत ग्राफिक्स कार्ड आणि नेटवर्क यांचेही ड्रायव्हर असतात, आणि वर्ग व निर्माता न वाचता क्रमांक टाकणाऱ्याला नंतर नेटही मिळत नाही.

आणखी एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली, आणि ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा खरोखर बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तसाच परत आणला जातो. त्यामुळे ड्रायव्हरची झाडझूड केल्यानंतर ‘रीस्टार्ट’ निवडा, किंवा बंदच करायचे असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करा. संगणक रात्रभर बंद ठेवूनही काही बदलले नाही, असे म्हणणाऱ्यांचा संगणक त्या अर्थाने रात्रभर बंदच नव्हता.

हे वाचून घाबरायला झाले असेल, तर थोडा धीर देते. ड्रायव्हरच्या चुकीने बोर्ड जळत नाही. बोर्ड खराब आहे की सगळा गोंधळ सॉफ्टवेअरचा आहे, याचा बराचसा निवाडा अर्ध्या तासात होऊ शकतो. पेन ड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीची उबुंटूसारखी एखादी आवृत्ती घ्या, काहीही इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि मागच्या जॅकला स्पीकर लावून आवाज ऐका. आला, तर तुमची चिप धडधाकट आहे आणि पुढची सगळी भांडणे विंडोजच्या आतली आहेत. ही चाचणी मी पहिल्या दिवशी केली असती तर ते खोके शोधण्याची वेळ आली नसती. चिप कोणती आहे याचीही अटकळ बांधत बसू नये, कारण गुणधर्मांतील ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडी’ निवडले की ती स्वतःच सांगते. तिथे ‘व्हेन’ (VEN, निर्मात्याची खूण) या अक्षरांनंतर १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, १०डीई असेल तर ती नोंद एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावरच्या ध्वनीची, आणि १००२ असेल तर एएमडीची. ज्या नोंदीचा ड्रायव्हर तुम्ही दिवसभर बदलत आहात ती ग्राफिक्स कार्डाची असू शकते, हे ओळखायला एवढे पुरे आहे. तसेच ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकल्यावर आवाज अचानक गेला असेल, तर बहुधा काहीच बिघडलेले नसते. आवाज एचडीएमआयच्या वायरीतून स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात असतो आणि स्पीकरच्या चिन्हावरून बाहेर पडण्याचे ठिकाण बदलले की काम होते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपची नोंदच नसेल, तर ड्रायव्हरच्या नादी न लागता बायॉसमध्ये जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ चालू आहे ना, ते पाहावे. ध्वनीचे नियंत्रण करणारे रिअलटेकचे अॅप उघडत नाही म्हणून ड्रायव्हर उपटणारेही मी पाहिले आहेत. हल्लीच्या नव्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये ते अॅप वेगळे असते आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येते, तेव्हा आवाज येत असेल तर ड्रायव्हरला हात लावू नये.

मदत कोणाकडे मागावी, याविषयीही माझे एक मत आहे, ते पटले नाही तर सोडून द्यावे. मी ज्यांना विचारले त्यांपैकी बहुतेकांनी वाक्य पुरे होण्याआधीच ‘फॉरमॅट मार’ असे सांगितले. फॉरमॅटने दोष पुष्कळदा जातो, हे मी नाकारत नाही, कारण त्यात ते कोठारही पुसले जाते. पण दोष का गेला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा फॉरमॅटच करावा लागतो. शेवटी मला उपयोगी पडले ते एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी सल्ला देण्याआधी एकच प्रश्न विचारला: “सगळ्यात आधी, ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी, नेमके काय बंद होते?” मी म्हटले, “काका, फक्त पुढचा जॅक.” ते काही बोलले नाहीत. त्यांनी कॅबिनेटची बाजू उघडायला सांगितली.

आत, पुढच्या जॅकपासून आलेल्या एकाच तारेला दोन सॉकेट होती. एकावर ‘एचडी ऑडिओ’ आणि दुसऱ्यावर ‘एसी ९७’ असे कोरलेले होते, आणि बोर्डावर लावलेले होते ते दुसरे. माझे कॅबिनेट जुने होते. एसी ९७ ही १९९७ची पद्धत आणि हाय डेफिनिशन ऑडिओ २००४ची, पण दोन्हींच्या सॉकेटची ठेवण सारखी असल्याने कोणतेही सॉकेट त्याच पिनांवर बसते. फरक असा की जुन्या पद्धतीत जॅकमध्ये काही खुपसले आहे हे बोर्डाला कळवणारी व्यवस्थाच नाही. बोर्डाच्या दृष्टीने माझे हेडफोन कधी लागलेच नव्हते. काकांनी मला पिनाही दाखवल्या. पाच-पाचच्या दोन ओळी, त्यांत एका ओळीत शेवटून दुसरी पिन गाळलेली, म्हणजे ती ध्वनीची. यूएसबीच्या तशाच दिसणाऱ्या जागेत गाळलेली पिन अगदी कोपऱ्यात असते.

तोवर मागचा आवाज मी कोठार साफ करून परत मिळवलेला होता. काकांनी वायर काढून पॉवर सप्लायचे बटण बंद केले, मी जुने सॉकेट ओढून काढले आणि एचडीचे बसवले. ते शेवटच्या एक-दोन मिलिमीटरला जरा घट्ट जाते आणि तिथेच बरेच जण थांबतात. संगणक सुरू करून हेडफोनची पिन पुढच्या जॅकमध्ये सरकवली, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली आणि आता कोणते उपकरण जोडले, असे तिने विचारले.