चीनची बातमी वाचावी कशी : सीमेआधी बीजिंगकडे पाहा

नाशिकमध्ये चीनची बातमी निरनिराळ्या कानांनी ऐकली जाते. देवळालीत राहणारे निवृत्त तोफखाना अधिकारी तिच्यात सैन्याची हालचाल शोधतात, सातपूर-अंबडच्या कारखानदाराला कच्च्या मालाची काळजी पडते आणि अभ्यासिकेत बसणारी मुले परीक्षेचा संभाव्य प्रश्न म्हणून तिची टिपणे काढतात. निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा एकच निघतो : घरात असंतोष वाढला की चीन सीमेवर कुरापत काढतो. (हे वाक्य उत्तरपत्रिकेत फार खपते.) ते तपासून कसे घ्यावे, यासाठी हे टिपण आहे.

प्रथम बोलणारा कोण आहे ते पाहावे. चीनचे सैन्य कम्युनिस्ट पक्षाच्या हुकमतीखाली असते आणि त्याची सूत्रे केंद्रीय लष्करी आयोगाकडे, म्हणजे आयोगाचे अध्यक्ष शी जिनपिंग यांच्याकडे असतात. संरक्षणमंत्र्याचे काम मुख्यतः परदेशी पाहुण्यांशी बोलण्याचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मंत्री झालेल्या डोंग जुन यांना तर नेमणुकीनंतर आयोगात जागाही मिळाली नाही. परराष्ट्रमंत्री छिन गांग जुलै २०२३ मध्ये सात महिन्यांतच पदावरून गेले, पण धोरणाची दिशा बदलली नाही, कारण ती पॉलिट ब्युरोच्या स्थायी समितीत (पक्षाच्या मोजक्या सर्वोच्च नेत्यांच्या मंडळात) आणि पक्षाच्या परराष्ट्र व्यवहार आयोगात ठरते. म्हणून मंत्र्यांच्या हस्तांदोलनाच्या छायाचित्रावरून फारसे अनुमान काढू नये.

त्यानंतर दिनदर्शिका उघडावी. मार्चमध्ये राष्ट्रीय जनकाँग्रेसचे, म्हणजे चीनच्या संसदेचे, अधिवेशन भरते आणि संरक्षण खर्चाचा आकडा जाहीर होतो. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी त्यातील वाढ ७.२ टक्के होती. दर पाच वर्षांनी पक्षाची महापरिषद होते. मागची ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. पुढची २०२७ मध्ये अपेक्षित असून त्याच वर्षी सैन्याच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. महापरिषदेच्या आधीच्या काळात कोणत्याही नेत्याला बाहेरच्यांपुढे नमते घेतल्याचे दिसणे परवडत नाही.

आता मूळ समजुतीकडे वळू, कारण खरी मेहनत येथेच करावी लागते. १९५९ मध्ये तिबेटमध्ये उठाव झाला आणि त्याच सुमारास देशभर भीषण दुष्काळ पसरला होता. समजूत सरसकट खरी असती, तर चीनने तेव्हा सगळ्याच शेजाऱ्यांशी भांडण उकरून काढले असते. प्रत्यक्षात १९६० मध्ये त्याने ब्रह्मदेशाशी सीमाकरार केला, नेपाळशीही १९६१ मध्ये केला आणि एप्रिल १९६० मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय वाटाघाटींसाठी दिल्लीला आले. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातील आंदोलन सैन्याने चिरडले, त्यानंतरही तसेच घडले : १९९१ मध्ये सोव्हिएत संघाशी पूर्व सीमेचा करार झाला आणि १९९३ मध्ये भारताशी प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा. घर डळमळीत असताना शेजाऱ्याशी मिटवून घेणे हाही अंतर्गत राजकारणाचाच परिणाम आहे. मग १९६२ चे काय? तेव्हाही घरातले कारण होतेच, पण त्याचे स्वरूप वेगळे होते : भारत तिबेटमध्ये हस्तक्षेप करीत आहे असा बीजिंगचा ग्रह झाला होता, भारताने पुढे सरकवलेल्या चौक्यांनी तो पक्का केला आणि दुष्काळानंतर मागे सरलेले माओ त्याच सप्टेंबरात पुन्हा वर्गसंघर्षाचा घोष करीत पुढे आले होते. तेव्हा ‘असंतोष आहे का’ एवढ्यावर न थांबता तो कोणत्या प्रदेशात आहे आणि चीनचे नेतृत्व त्यामागे कोणाचा हात पाहते, हे विचारावे.

बडतर्फीच्या बातम्या विशेष जपून वाचाव्यात. २०२३ मध्ये क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख आणि राजकीय कमिसार (सैन्यावर पक्षाचे नियंत्रण राखणारा अधिकारी) दोघेही बदलले गेले आणि त्यांच्या जागी नौदल व हवाई दलातील अधिकारी आले. जून २०२४ मध्ये ली शांगफू आणि वेई फंग-ह या दोन माजी संरक्षणमंत्र्यांची, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष हे वेइडाँग यांची पक्षातून हकालपट्टी झाली. माझ्या मते यातून दोन उलटसुलट गोष्टी संभवतात. ज्याला आपल्याच सेनापतींच्या अहवालांची खात्री नाही, तो नेता मोठे युद्ध सहजासहजी अंगावर घेणार नाही. पण धास्तावलेले सेनापती त्याच्या कानावर वाईट बातमीही घालणार नाहीत.

शेवटी, तीच घटना चीनमध्ये कशी सांगितली गेली ते पाहावे. १५ जून २०२० च्या गलवान चकमकीत भारताचे २० जवान हुतात्मा झाले आणि भारताने ते लगेच सांगितले. चीनने आपले चार सैनिक गेल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केले आणि त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगरला आठ महिन्यांची कैद झाली. चकमकीत जखमी झालेले चिनी अधिकारी छी फाबाओ पुढे २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचे मशालवाहक झाले आणि त्याच वर्षी महापरिषदेचे प्रतिनिधीही. दिल्लीत संताप उसळला तो मशालीवरून, पण ती मिरवली गेली मुख्यतः चिनी प्रेक्षकांसाठी.

अभ्यासिकेतल्या मुलांनी वहीत प्रत्येक बातमीसमोर तारीख, बोलणाऱ्याचे पक्षातील स्थान आणि त्या महिन्यात पक्षात काय चालले होते, अशी तीन टिपणे ठेवावीत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर अनुमानाची घाई करू नये.