दूध आधी घालावं की नंतर?

कॉफी ओतली आणि तेवढ्यात फोन आला. दहा मिनिटांनी ती शक्य तितकी गरम प्यायची असेल, तर गार दूध लगेच घालावं की पिताना? बहुतेक जण ‘पिताना’ म्हणतात. एकदा मोजूनच बघा.

दोन अगदी सारखे कप घ्या. दोन्हींत एकाच किटलीतली कॉफी मोजून समान ओता. एका कपात फ्रिजमधलं ५० मिली दूध लगेच घाला, दुसऱ्यासाठीचं तेवढंच दूध फ्रिजमध्येच राहू द्या. दहा मिनिटांनी ते दुसऱ्यात घाला, दोन्ही ढवळा आणि तापमान बघा. थर्मामीटर स्वयंपाकाचा हवा. तापाचा साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजतो, तो इथे वापरू नका.

आधी दूध घातलेला कप किंचित जास्त गरम निघतो. फरक एखाददोन अंशांचाच असू शकतो, म्हणून कप आणि मापं काटेकोर सारखी हवीत. पेय आणि खोली यांच्या तापमानातलं अंतर जितकं मोठं, तितक्या वेगाने उष्णता निसटते. हे न्यूटनने १७०१ मध्येच मांडलं होतं. दुधाने ते अंतर सुरुवातीलाच कमी होतं. शिवाय कपातला ऐवज वाढतो, आणि जास्त ऐवज सावकाश निवतो.

आता नुसतं गरम पाणी दोन कपांत घेऊन एकावर बशी झाका आणि दर दोन मिनिटांनी नोंद करा. इथे फरक ठळक दिसेल, कारण उघड्या कपातली बरीच उष्णता वाफेबरोबर जाते. खरं तर कॉफी गरम ठेवायची असेल तर दुधाच्या वादापेक्षा बशीच जास्त कामाची!