इंग्लंडमधल्या संरक्षित कोठाराचं घर कसं करावं

इंग्लंडच्या खेड्यात शेतघराशेजारचं जुनं कोठार, तिथल्या भाषेत ‘बार्न’, विकायला निघालं की घेणाऱ्याच्या मनात आधी खोल्या उभ्या राहतात. इकडे स्वयंपाकघर, तिकडे दोन बेडरूम, वर पोटमाळा. माझा आग्रह आहे की खोल्यांचा विचार काही दिवस बाजूला ठेवावा. कोठाराचं खरं मोल त्याच्या मोकळ्या पोटात आहे. जमिनीपासून आढ्यापर्यंत एकच अखंड जागा, वर ओकच्या तुळया आणि वासे. ही पोकळी सांभाळून घर बसवलं तर परवानगीची वाट सोपी होते आणि घरही देखणं होतं.

ती पोकळी का आहे हे आधी कळायला हवं. कोठाराच्या मधल्या खणात, दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर, भरलेली गाडी आत येईल एवढे उंच दरवाजे असत. त्यांच्या मधे खळं. पीक घरात आलं की पेंढ्यांच्या थप्प्या बाजूच्या खणांत आढ्यापर्यंत रचायच्या आणि मग हिवाळाभर मधल्या खळ्यावर मळणी चालायची. दोन्ही दरवाजे उघडले की वारा आरपार वाहायचा आणि त्याच वाऱ्यावर उफणणी व्हायची. भिंतींतल्या अरुंद उभ्या फटी धान्याला हवा लागावी म्हणून ठेवलेल्या. खिडक्या जवळजवळ नाहीत, धुरांडं तर नाहीच. मळणीयंत्र आल्यावर हे काम संपलं. वास्तू मात्र त्याच कामाच्या मापाने उभी आहे.

पहिली पायरी : वास्तू नेमकी किती संरक्षित आहे ते शोधा

‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था संरक्षित वास्तूंची राष्ट्रीय यादी सांभाळते आणि ती इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते. यादीत तीन श्रेणी आहेत : ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. सुमारे ९२ टक्के वास्तू ग्रेड टूमध्ये मोडतात. ग्रेड टू म्हणजे नुसता दर्शनी भाग जपायचा, असा गैरसमज फार पसरलेला आहे. संरक्षण आतल्या-बाहेरच्या सगळ्या वास्तूला असतं, यादीतल्या वर्णनात एखाद्या तुळईचा उल्लेख नसला तरी.

आणखी एक फसगत होते. कोठाराचं नाव यादीत नसतं, पण शेजारचं शेतघर यादीत असतं. अशा वेळी त्या घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेलं आणि त्या घराला पूरक म्हणून वापरलेलं कोठारही संरक्षितच धरलं जाऊ शकतं. ही गोष्ट स्वतः ठरवू नका, स्थानिक कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडून, लेखी घ्या.

लेखी का, तर विनापरवाना फेरफार हा संरक्षित वास्तूंसाठीच्या १९९० च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे. दंडाला मर्यादा नाही आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची. आधीच्या मालकाने चोरून काही केलं असेल तर त्याचा गुन्हा तुमच्या माथी येत नाही, पण ते पूर्ववत करण्याची नोटीस मात्र आजच्या मालकावर निघू शकते आणि तिला कालमर्यादा नाही. म्हणून खरेदीआधीच जुन्या परवानग्यांचे नकाशे आणि प्रत्यक्ष वास्तू समोरासमोर ठेवून तपासा.

दुसरी पायरी : बघा आणि मोजा

न बदललेलं एखादं कोठार आधी डोळे भरून पाहून या. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपल इथे तेराव्या शतकातली दोन कोठारं आहेत, एक जवाचं आणि एक गव्हाचं, टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांनी बांधलेली. हीथ्रो विमानतळाजवळच्या हार्मंड्सवर्थचं कोठार १४२६ सालचं, बारा खणांचं, जवळजवळ ५८ मीटर लांब. तिथे उभं राहिल्यावर पोकळी म्हणजे काय ते शब्दांशिवाय कळतं.

मग आपल्या कोठाराची मापं आणि फोटो. सुतारांनी सांध्यांवर कोरलेल्या खुणा शोधा. सांगाडा जमिनीवर जुळवून, सुटा करून पुन्हा उभारताना कुठला तुकडा कुठे बसतो हे कळावं म्हणून त्या बहुधा रोमन आकड्यांत असत. दरवाज्याजवळ कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं किंवा जाणूनबुजून दिलेले ज्योतीचे डाग दिसू शकतात. दृष्ट आणि आग टाळण्यासाठी ते करत असावेत असं मानलं जातं. हे सगळं नोंदवा. कौन्सिल अर्जासोबत वास्तूचं महत्त्व सांगणारा अहवाल मागतेच, आणि चांगला अहवाल अशाच नोंदींतून उभा राहतो.

तिसरी पायरी : सांगाडा आणि आतले रहिवासी

जुन्या वास्तूंचा अनुभव असलेलाच इंजिनिअर नेमा. ब्रिटनमध्ये अशा इंजिनिअरांची ‘केअर’ नावाची वेगळी नोंदवही आहे. त्याला एकच प्रश्न विचारायचा : हे कोठार आहे तसं उभं राहू शकतं का? बरंचसं पाडून नव्याने बांधावं लागणार असेल तर त्याला रूपांतर म्हणता येत नाही आणि अर्ज तिथेच अडतो. गायीगुरांच्या गोठ्यांत आणखी एक त्रास असतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुताचे क्षार भिंतीत मुरलेले असतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि नवा गिलावा पुन्हा पुन्हा फुगवतात. अंगणात डिझेल सांडलेलं, कीटकनाशकं मुरलेली असू शकतात. छपरावर राखाडी सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं.

आता रहिवासी. ब्रिटनमध्ये सगळ्या जातींच्या वटवाघळांना आणि त्यांच्या बसण्याच्या जागांना कायद्याचं संरक्षण आहे, वटवाघळं त्या क्षणी आत नसली तरीही. संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजण्याचं सर्वेक्षण मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात होतं. ही एक ओळ विसरल्यामुळे अख्खं वर्ष जातं : ऑक्टोबरमध्ये कोठार घेतलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात बांधलेले. वटवाघळं सापडली म्हणजे घर होणार नाही असं मुळीच नाही. परवानगी मिळाल्यावर ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेकडून परवाना घेऊन, त्यांना पर्यायी जागा ठेवून काम करता येतं.

बार्न आउल म्हणजे आपलं गव्हाणी घुबड. इंग्रजीला ते कोठारात सापडलं, मराठीला गुरांच्या गव्हाणीत. विणीच्या काळात घरट्याजवळ काम करून त्याला त्रास देणं हाही गुन्हा. काम सुरू होण्याच्या बरंच आधी जवळच्या झाडावर किंवा दुसऱ्या शेडमध्ये लाकडी पेटी बसवावी.

चौथी पायरी : आराखडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आर्किटेक्टला घेऊन कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या वास्तूंचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, आराखडा पक्का होण्याआधी भेटा. या सल्ल्यासाठी बऱ्याच ठिकाणी शुल्क पडतं, पण ते वाचवू नये.

मधला खण, म्हणजे जुनं खळं, आढ्यापर्यंत मोकळा ठेवा. बसण्या-जेवण्याची जागा तिथेच शोभते. खोल्या हव्यातच तर एका टोकाच्या खणात, सांगाड्यापासून सुटी उभी राहणारी लाकडी पेटी बसवल्यासारख्या करा. पुढेमागे कुणी ती काढली तर जुन्या लाकडावर ओरखडाही उरता कामा नये. शक्य असेल तर बेडरूम आणि न्हाणीघरं कोठारात आणूच नका. बहुतेक अंगणांत बैठ्या गोठ्यांची किंवा गाडीखान्याची ओळ असते. ते मुळातच छोट्या खणांत विभागलेले, बुटके, उबदार. झोपायच्या खोल्या तिथे सहज बसतात.

वरचा मजला टाकायचा म्हटलं की आडव्या तुळया नेमक्या डोक्याशी येतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘ही एवढी एक कापू.’ कापू नका. छपराचं ओझं वाशांमधून भिंतींना बाहेर ढकलत असतं आणि तुळई दोन्ही भिंतींना बांधून धरते. ती गेली की भिंती फाकतात. जिना आणि वाट तुळयांच्या मधून काढा, नाहीतर तो मजला सोडून द्या.

उजेडासाठी आहेत तीच भोकं वापरा. मोठ्या दरवाज्यांच्या जागी काच बसवायची, पण भिंतीच्या जाडीत आत सरकवून; जुनी दारं बाहेर तशीच ठेवायची, रात्री लावून घेता येतात. भिंतीतल्या फटींना आतून काच लावली की दुपारी उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडतात, आणि माझ्या मते अशा घरातलं हे सर्वांत सुंदर दृश्य असतं. छपरातल्या खिडक्या कमीत कमी, आतल्या अंगणाकडे उतरणाऱ्या पाख्यावर, कौलांच्या पातळीत. विटांचं धुरांडं बांधू नका, काळा बारीक नळ पुरतो. अंगणाचेही कुंपण घालून तुकडे करू नका. शेताच्या मधोमध हिरवळ आणि गुलाबाचे वाफे आले की कोठार लांबूनच ओळख हरवून बसतं.

पाचवी पायरी : अर्ज

साध्या शेतइमारतींना ‘क्लास क्यू’ नावाच्या तरतुदीने सोपी वाट मिळते. संरक्षित वास्तूंना ती बंद आहे. त्यामुळे दोन परवानग्या लागतात : वापर बदलण्यासाठी प्लॅनिंग परमिशन आणि फेरफारांसाठी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट. दुसऱ्या अर्जाला शुल्क नाही. निर्णयाची मुदत साधारण आठ आठवड्यांची आणि नकार आला तर अपिलाला सहा महिने. राष्ट्रीय धोरण गावाबाहेरच्या एकट्या घरांना सहसा नको म्हणतं, पण वारसावास्तू टिकवण्याचा तोच सर्वांत योग्य आणि परवडणारा वापर असेल तर अपवाद करतं. तुमच्या अर्जाचा कणा हाच मुद्दा असावा.

परवानगीसोबत अटी येतात : चुन्याचा नमुना दाखवा, कौलाचा नमुना दाखवा, खोदताना पुरातत्त्वज्ञ हजर ठेवा. काही अटी पहिली कुदळ मारण्याआधी पुऱ्या कराव्या लागतात. बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकामाच्या दर्जाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांची, मंजुरी यापेक्षा वेगळी, ती स्वतंत्र घ्या.

सहावी पायरी : काम

कवी आणि कारागीर-कलावंत विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं मूळ सूत्र आजही पुरतं : नवं करून देऊ नका, दुरुस्त करा. खांबाचा पाय कुजला असेल तर तेवढाच कापून ओकचाच नवा तुकडा खाच करून जोडा, अख्खा खांब बदलू नका.

भिंतीला सिमेंट नको. जुनी भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने ती कोंडते आणि ओलीने वीट, दगड, लाकूड सगळंच खराब होतं. दरजा आणि गिलावा चुन्याचाच करा. चुन्याला थंडी सोसत नाही, पारा ५ अंशांखाली जाण्याचा धोका असेल तेव्हा काम थांबवा. जमीन चुन्याच्या काँक्रीटची करून तिच्यात गरम पाण्याचे नळ टाकणं उत्तम. इतक्या उंच जागेत रेडिएटरची ऊब आढ्यात जाऊन बसते, पायाखालची ऊब माणसापाशी राहते. ऊब टिकवण्याच्या नियमांत संरक्षित वास्तूंना सवलत आहे. छपरात उष्णतारोधक थर वाशांच्या वरून घातला तर वासे आतून दिसत राहतात, पण छप्पर काही सेंटिमीटर उचललं जातं. वळचणीचं रेखाटन आधी मंजूर करून घ्या. जिथे वटवाघळं राहणार आहेत तिथे कौलांखाली हल्लीचं हवा खेळू देणारं पातळ कापड वापरू नका. त्याचे तंतू सुटतात आणि त्यांत वटवाघळं अडकून मरतात. जुन्या पद्धतीचं डांबरी फेल्टच बरं.

पैशाचं एक महत्त्वाचं. संरक्षित वास्तूंमधल्या मंजूर फेरफारांवर पूर्वी व्हॅट (मूल्यवर्धित कर) शून्य होता, ती सवलत १ ऑक्टोबर २०१२ पासून गेली. पण कधीच घर नसलेल्या इमारतीचं घर करताना कंत्राटदाराला बहुतेक कामावर २० ऐवजी ५ टक्के व्हॅट लावता येतो. कंत्राट करण्याआधीच हे ठरवा, कारण चुकून भरलेला जादा व्हॅट सरकार सहसा तुम्हाला थेट परत देत नाही; तो कंत्राटदाराकडूनच मागावा लागतो.

काम चालू असताना तुळयांचे, उघड्या भिंतींचे, झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक सांध्याचे फोटो तारखेसह काढत राहा. मंजूर नकाशे, अटी पूर्ण झाल्याची पत्रं आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्यासोबत ते एकाच फायलीत ठेवा. नंतर कधी घर विकायचं झालं तर समोरच्याचा वकील पहिल्यांदा हीच फाईल मागेल.