जर्मनीत बाळ वाढवताना : गरोदरपणापासून किटापर्यंतची (म्हणजे पाळणाघर-बालवाडीपर्यंतची) तयारी कशी करावी

नोकरीनिमित्त म्युनिक, फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट किंवा बर्लिन येथे राहणाऱ्या मराठी जोडप्याला पहिले बाळ होणार असते, तेव्हा एरवी माहेर, सासर, शेजार आणि न्हाऊ-माखू घालणारी बाई मिळून जी कामे उरकतात, ती सगळी दोन माणसांवर येऊन पडतात. जर्मन व्यवस्था या गोतावळ्याची बरीचशी उणीव भरून काढते. मात्र ती आपण होऊन दारी येत नाही. अर्ज वेळेत, लेखी आणि योग्य कागदांसह केला तर मिळते, आणि मुदत टळली तर हक्क असूनही हातचे जाते. पुढील टप्पे एक काम दुसऱ्या कामावर कसे अडून असते, हे पाहून लावले आहेत.

टप्पा १ : गरोदरपण कळताच हेबामे शोधावी

हेबामे म्हणजे प्रशिक्षित, परवानाधारक सुईण. प्रसूतीनंतर पहिले १० दिवस ती रोज घरी येऊ शकते आणि त्यानंतरही बाळ १२ आठवड्यांचे होईपर्यंत गरजेप्रमाणे भेटी देते. बाळाचे वजन, नाळेची जखम, अंगावर पाजण्यातील अडचणी, टाके, आईची झोप आणि मनःस्थिती या सगळ्यांकडे तिचे लक्ष असते आणि हा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलतो. अडचण एवढीच की मोठ्या शहरांत हेबामे मिळणे अवघड असते. त्यामुळे आठव्या-दहाव्या आठवड्यातच शोधाला लागावे आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख, राहत्या भागाचा पिनकोड व पहिले बाळंतपण असल्याचा उल्लेख असलेला छोटासा संदेश जर्मनमध्ये लिहून एकाच वेळी अनेकींना पाठवावा. ‘सहाव्या महिन्यानंतर बघू’ असे म्हणणाऱ्यांना बहुधा नकारच ऐकावे लागतात.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडून मिळणारी मुटरपास ही पुस्तिका कायम पर्समध्ये ठेवावी. रस्त्यात काही झाले तरी तिच्यावरून कोणत्याही रुग्णालयाला सारा इतिहास कळतो.

याच काळात पैशांचाही विचार करावा. नोकरदार आईला प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी ६ आणि नंतर ८ आठवडे संरक्षित रजा मिळते. जुळी किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ असल्यास नंतरची रजा १२ आठवड्यांची होते. त्यापुढील एल्टर्नगेल्ड हा भत्ता साधारणपणे आधीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ६५ ते ६७ टक्के, किमान ३०० व कमाल १८०० युरो दरमहा असतो. निव्वळ उत्पन्न करवर्गावर, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या गटावर, ठरत असल्याने, आई जास्त महिने घरी राहणार असेल तर पती-पत्नींनी करवर्ग बदलण्याचा निर्णय गरोदरपण कळताच घ्यावा. संरक्षित रजा सुरू होणाऱ्या महिन्याच्या सात महिने आधी अर्ज गेला नाही, तर त्या बदलाचा भत्त्यासाठी उपयोग होत नाही.

टप्पा २ : विवाहाचा दाखला आणि जन्मदाखले तयार ठेवावेत

मराठी जोडप्यांची सर्वांत मोठी फसगत येथे होते. भारतातून निघताना ‘परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) घेतला की झाले’ असा सल्ला सर्रास मिळतो. परंतु अपोस्टिल करारात भारताच्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे या दोन देशांमध्ये अपोस्टिल चालत नाही. बाळाच्या जन्मनोंदणीसाठी श्टांडेसआम्ट, म्हणजे नागरी नोंदणी कार्यालय, आईवडिलांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला मागते, आणि ते खरे आहेत याची खात्री हवी असल्यास भारतातील जर्मन दूतावासामार्फत स्थानिक चौकशी करवून घेते. या चौकशीला कित्येक महिने लागू शकतात आणि तिचा खर्चही पालकांकडूनच घेतला जातो.

म्हणून पाचव्या महिन्याच्या आत ज्या रुग्णालयात प्रसूती व्हायची, तेथील श्टांडेसआम्टला पत्र लिहून कागदांची यादी मागवावी. महानगरपालिकेचे दाखले मराठीत असतील, तर जर्मनीतील शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्यावे. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचे आणि जन्मदाखल्यात केवळ घरचे नाव, असा तिढा असल्यास तो बाळ जन्मण्याआधी सोडवावा. कागद अपुरे राहिले तरी जन्माची नोंद होते. मात्र नेहमीच्या दाखल्याऐवजी ‘आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही’ अशी टीप असलेला नोंदवहीचा उतारा मिळतो. भत्त्यांसाठी तो चालतो, तेव्हा घाबरून जाऊ नये.

टप्पा ३ : आजी-आजोबांचे येणे आखावे

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. दोन्हीकडच्या आजी एकदमच आल्या, तर तीन महिन्यांनी घर पुन्हा रिकामे होते, आणि दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांचा जीवही गुदमरतो. त्यापेक्षा आईची आई प्रसूतीच्या सुमारास आणि सासरची मंडळी चौथ्या महिन्यात, असा क्रम लावल्यास सहा महिने सोबत मिळते. यजमानाने परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाची हमी देणारे पत्र घ्यावे. त्यासाठी पगारपत्रके दाखवावी लागतात आणि वेळ आधीच ठरवावी लागते. पाहुण्यांचा प्रवासी आरोग्यविमा किमान ३०,००० युरोंचा असावा, आणि रक्तदाब-मधुमेहासारखे जुने आजार त्यात धरले आहेत का, हे नियम वाचून पाहावे.

सामानातून तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे. डिंक, हळीव, खारीक आणि बाळंतशेपा तेवढे आणावेत. तूप येथल्या बिनमिठाच्या लोण्याचे उत्तम कढते आणि लाडू येथेच वळता येतात.

टप्पा ४ : जन्माची नोंद, आणि बारसे

जन्म एका आठवड्याच्या आत कळवावा लागतो. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ते काम रुग्णालयच करते. तेथील परिचारिका दुसऱ्याच दिवशी नावाचा अर्ज पुढे करते, आणि बाराव्या दिवशी बारसे करू इच्छिणारे कुटुंब गोंधळून घाईघाईत काहीतरी लिहून मोकळे होते. तशी गरज नाही. कायद्याने बाळाचे नाव कळवण्यास जन्मापासून एक महिना मिळतो, त्यामुळे बारसे निवांत करून मग नाव कळवता येते. दाखला तोवर मिळत नाही, एवढेच.

बाळाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रीत जर्मन नोंदवहीत जशीच्या तशी बसत नाही. वडिलांचे नाव घातल्यास ते बाळाचे दुसरे नाव म्हणून नोंदले जाते. पुढे भारतीय पासपोर्टवर काय हवे ते आधी ठरवावे आणि दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखे राहील असे पाहावे.

टप्पा ५ : दाखल्यानंतरचे अर्ज याच क्रमाने करावेत

१. आरोग्यविमा : सरकारी विम्यात बाळाची कुटुंबसदस्य म्हणून विनामूल्य नोंद होते. विमा खासगी असेल, तर दोन महिन्यांच्या आत कळवावे, म्हणजे तब्येतीची तपासणी न मागता बाळाला सामावून घेतले जाते.

२. एल्टर्नगेल्ड : मागील तीन महिन्यांपुरतेच पूर्वलक्षी मिळते. दोघांनी मिळून १४ महिने घेता येतात. त्यांतील किमान दोन दुसऱ्या पालकाने घ्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी दोघांनी एकाच वेळी पूर्ण भत्ता घेण्याची मुभा सर्वसाधारणपणे एका महिन्यापुरती आहे. येथे महिना बाळाच्या जन्मतारखेपासून मोजतात. बाळ १४ तारखेचे असेल, तर वडिलांची रजाही १४ ते १३ अशीच मागावी. १ तारखेपासून मागितलेल्या रजेत दोन ‘महिने’ अर्धवट राहतात आणि भत्त्याचा हिशेब बिघडतो. ही रजा, म्हणजे एल्टर्नत्साइट, कंपनीकडे किमान सात आठवडे आधी मागावी लागते.

३. किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता : २०२६ मध्ये दरमहा २५९ युरो. बाळाचा करक्रमांक टपालाने आपोआप घरी येतो. तो आल्यावर अर्ज करावा. सहा महिन्यांहून मागचे पैसे मिळत नाहीत.

४. नागरिकत्व, पासपोर्ट, निवास परवाना : आई किंवा वडील पाच वर्षे जर्मनीत कायदेशीररीत्या राहत असतील आणि त्यांच्याकडे कायमस्वरूपी निवासाचा हक्क असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होते. तसे नसेल, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत बर्लिनचा दूतावास किंवा म्युनिक, फ्रांकफुर्ट, हॅम्बुर्ग येथील वाणिज्य दूतावासात भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करावी. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. या नोंदणीत बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे पालकांनी लिहून द्यायचे असते. जर्मन पासपोर्ट घेतलेल्या बाळासाठी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचा मार्ग खुला असतो. भारतीय पासपोर्ट हाती आल्यावर निवास परवाना घ्यावा. त्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. ‘पहिल्या दिवाळीला घरी जाऊ’ म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी ही साखळी पुरी झाली आहे का, ते पाहावे.

टप्पा ६ : सव्वा महिना घरात काय करावे, काय टाळावे

येथे आजी आणि हेबामे यांच्यात बाळाची आई सापडते. दोघींचेही बरेचसे बरोबर असते, म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी तपासावी. तेलाने हलक्या हाताने मालीश अवश्य करावे. नाकाकानात तेल मात्र घालू नये. पाटावर बसून, पसरलेल्या पायांवर बाळाला घेऊन अंघोळ घालणे जर्मन न्हाणीघरात जमत नाही. छोट्या टबात ३७ अंशांचे पाणी घेऊन हाताच्या आधारावर न्हाऊ घालावे. ओवा-वेखंडाची धुरी देऊच नये. धूर बाळाच्या श्वासाला वाईट असतोच, शिवाय छताला लावलेले धूरसूचक यंत्र कर्कश ओरडू लागते आणि खालच्या मजल्यावरची मंडळी अग्निशमन दलाला बोलावतात. सोन्याने मध चाटवणे, गुटी आणि काजळ टाळावे. मधातील जिवाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

बाळाला पाठीवर, आईवडिलांच्याच खोलीत पण स्वतःच्या पाळण्यात, उशीशिवाय निजवावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवायची मोहरीची उशी बाळ जागे आणि नजरेसमोर असतानाही नसलेलीच बरी. खोली १६ ते १८ अंश ठेवून बाळाला झोपेच्या पिशवीत घालायचे, हे ऐकून आजी हबकतात. बाळाची मान मागून कोमट लागली की त्याला थंडी वाजत नाही, हे त्यांच्या हाताला दाखवून द्यावे. तेवढ्याने वाद मिटतो.

बाळंतिणीला बाजरीची भाकरी, खीर, लाडू हे सारे खाऊ द्यावे. येथे हेबामेचीही हरकत नसते. दोन आठवड्यांनंतरही रडू आवरत नसेल, झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर ‘बाळंतपणात होते असे’ म्हणून सोडून न देता हेबामेला किंवा डॉक्टरांना सांगावे.

टप्पा ७ : बालरोगतज्ज्ञ आणि लसी

अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत, म्हणून सातव्या महिन्यातच विचारणा करावी. जन्मल्यावर मिळणाऱ्या पिवळ्या पुस्तिकेत ऊ-१ ते ऊ-९ या तपासण्यांची नोंद होते. ऊ-३ चौथ्या-पाचव्या आठवड्यात, म्हणजे सव्वा महिन्याच्या आतच येते. तेव्हा ‘बाळाला बाहेर काढायचे नाही’ हा नियम त्या दिवशी बाजूला ठेवावा. पहिल्या वर्षी ड जीवनसत्त्व रोज द्यावे.

बीसीजीची लस जर्मनीत १९९८ पासून सरसकट दिली जात नाही, त्यामुळे दंडावर व्रण का नाही, हा प्रश्न भारतातून येणारच. भारतात दीर्घ मुक्काम ठरला असल्यास बीसीजी आणि गोवराबद्दल डॉक्टरांशी काही महिने आधी बोलावे. गोवराची पहिली लस एरवी ११ व्या महिन्यात असली, तरी अशा प्रवासापूर्वी ९ व्या महिन्यापासून देता येते. रात्री-अपरात्री जिवावर न बेतणारे दुखणे असेल तर ११६११७, आणि आणीबाणीत ११२ हा क्रमांक फिरवावा.

टप्पा ८ : भाषा आणि किटा

घरात मराठीच बोलावे. जर्मन शिकवण्याची घाई पालकांनी करू नये. मोडक्या जर्मनपेक्षा भरघोस मराठी मुलाच्या वाणीला अधिक उपयोगी पडते, आणि जर्मन किटात मिळतेच. किटात गेल्यावर काही महिने मूल मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देऊ लागते. तेव्हा टोकू नये. तेच वाक्य मराठीत म्हणून बोलणे पुढे न्यावे. आजीबरोबरच्या व्हिडिओ कॉलवर ‘कशी आहेस’ची परीक्षा घेण्यापेक्षा आजीने एखादे चित्रांचे पुस्तक रोज वाचून दाखवावे.

पहिल्या वाढदिवसापासून संगोपनाच्या जागेवर मुलाचा कायदेशीर हक्क असतो, हे २०१३ पासून लागू आहे. तरी हव्या त्या किटात जागा मिळेलच असे नाही. म्हणून बाळ जन्मताच शहराच्या ऑनलाइन यंत्रणेत नाव घालावे, घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या टागेसमुटरचाही पर्याय खुला ठेवावा आणि गोवराच्या लसीचा पुरावा तयार ठेवावा, कारण २०२० पासून त्याशिवाय प्रवेश मिळत नाही. शाकाहारी किंवा गोमांस-डुकराचे मांस न खाणारे घर असल्यास प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावे.

सुरुवातीचे दोन ते चार आठवडे एका पालकाने किटात मुलासोबत बसायचे असते आणि दुरावा मिनिटा-मिनिटाने वाढवला जातो. ही सवय लागेपर्यंत नोकरीवर परतण्याची तारीख ठरवू नये. वडिलांचे दोन महिने याच काळासाठी राखून ठेवणे सर्वांत सोयीचे पडते. पहिल्या हिवाळ्यात मूल सारखे आजारी पडते. सरकारी विमा असलेल्या प्रत्येक पालकाला २०२४ पासून प्रत्येक मुलामागे वर्षाला १५ दिवसांचा आजारभत्ता मिळतो. त्यासाठी बालरोगतज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि पती-पत्नींनी दिवस आलटून पालटून वापरावेत. खासगी विमा असलेल्यांना हा भत्ता मिळत नाही; त्यांनी कंपनीच्या करारात काय तरतूद आहे, ते किटा सुरू होण्याआधीच विचारून घ्यावे.