मॉडेल रेल्वे: रूळ टाकण्यापासून हिरवळ लावण्यापर्यंत

मॉडेल रेल्वेची मांडणी पाहणाऱ्याच्या नजरेत आधी डोंगर, बोगदे आणि झाडे भरतात. परंतु गाडी विनातक्रार धावेल की वळणावर घसरेल, हे त्या डोंगराखालच्या लाकडावर आणि रुळांच्या जोडांवर ठरते. डोंगर उभा राहिल्यावर खालचा रूळ दुरुस्त करणे अत्यंत जिकिरीचे असते. म्हणून रूळ निर्दोष झाल्याची खात्री पटेपर्यंत प्लास्टरला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

आराखडा करताना प्रमाण, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे, हे आधी ठरवावे. एचओ प्रमाण १:८७ असते आणि त्यात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिमी असते. एन प्रमाण १:१६० असून तेथे हे अंतर ९ मिमी असते. यानंतर वळणाची त्रिज्या येते. सर्वांत लांब डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट त्रिज्या ठेवावी, हा भरवशाचा ठोकताळा आहे. खऱ्या रेल्वेतील २३ मीटर लांबीचा डबा एचओ प्रमाणात सुमारे २६४ मिमी भरतो, म्हणजे त्याला जवळजवळ ७९० मिमी त्रिज्येचे वळण हवे. एवढी जागा नसेल, तर वळण आवळण्याऐवजी आखूड डबे आणि छोटे इंजिन निवडावे. अरुंद वळणावर अडखळणाऱ्या लांब गाडीपेक्षा सहज वळणारी छोटी गाडी केव्हाही अधिक शोभते.

चढाचा हिशेबही कागदावरच करावा. एका मार्गावरून दुसरा मार्ग न्यायचा असेल, तर एचओमध्ये खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत सुमारे ७५ मिमी मोकळी जागा लागते आणि पुलाची जाडी धरली, की चढायची उंची १० सेंटिमीटरच्या आसपास जाते. दोन टक्के चढ धरला, तर यासाठी ५ मीटर लांबीचा मार्ग हवा. चढ जेथे सुरू होतो आणि संपतो, तेथे उतार हळूहळू बदलत न्यावा. तेथे एकदम कोन पडला तर डब्यांच्या कड्या सुटतात.

बैठकीसाठी ९ ते १२ मिमी जाडीचे प्लायवूड आणि खाली सुमारे ४० सेंटिमीटर अंतरावर आडव्या पट्ट्या पुरेशा होतात. लाकूड हवेतील ओलाव्याने फुगते आणि आकसते, त्यामुळे दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्यावा. एका बाजूनेच काम करायचे असेल, तर फळी ७५ सेंटिमीटरपेक्षा रुंद करू नये, कारण पलीकडच्या कडेला घसरलेला डबा उचलायला हात पोहोचला पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर पाणसळ लावून पाहावी. फळीवर ३ ते ५ मिमी जाडीची कॉर्कची पट्टी चिकटवली, की आवाज कमी होतो आणि खडीला खऱ्या मार्गासारखा उतरता काठ मिळतो.

आता रूळ. वाकवता येणारा फ्लेक्सी ट्रॅक वापरला, की वळण हवे तसे घेता येते. मात्र वाकवताना आतल्या बाजूचा रूळ पुढे सरकतो आणि तो कापावा लागतो. कापल्यानंतर टोक कानशीने सपाट करावे आणि आतल्या कडेची धार किंचित मोडावी, म्हणजे चाकाची कड तेथे आपटत नाही. जोड वळणावर येत असेल, तर दोन तुकडे सरळ असतानाच जोडून त्यांना सोल्डरचा डाग द्यावा आणि मग दोन्ही एकत्र वाकवावेत. वेगवेगळे वाकवून जोडले, तर जोडापाशी कोन पडतोच. डाग देताना राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट पसरून धरावे म्हणून लावायचे द्रव्य) वापरावा, आम्लाचा वापरल्यास धातू पुढे गंजतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवून दोन-तीन सेकंदांत काम उरकले, तर प्लॅस्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) वितळत नाहीत. सरळ भागातले काही जोड मात्र डाग न देता अर्धा मिमी फटीसह मोकळे सोडावेत, कारण लाकूड आकसले की रूळ दाबले जाऊन वाकतात आणि वर उठतात. जोड तयार झाला, की त्यावरून बोट फिरवावे आणि डोळा रुळाच्या पातळीवर आणून मार्गाकडे पाहावे; वरून सरळ वाटणाऱ्या मार्गातला वाक तेथून लगेच दिसतो.

विजेच्या बाबतीत जॉइनरवर, म्हणजे दोन रुळांची टोके जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यांवर, विसंबू नये. पुढे खडीचा गोंद आणि रंग त्यांत शिरतात आणि प्रवाह खंडित होतो. फ्लेक्सी ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र बारीक तार जोडून ती फळीखालच्या जाड मुख्य तारेला द्यावी. मार्ग फिरून स्वतःलाच उलट येऊन मिळत असेल, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. त्या फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ प्लॅस्टिकच्या जॉइनरने तोडून तो भाग वेगळा करावा लागतो. यानंतर सर्वांत लांब गाडी दोन्ही दिशांना, विशेषतः पॉइंटवरून (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यावरून) मागे ढकलत, काही दिवस चालवावी. ती एकाच जागी दोनदा घसरली, तर दोष डब्यात शोधण्याआधी रुळात शोधावा.

जमीन घडवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जमीन आधी होती, रेल्वे नंतर आली. म्हणून जमीन मार्गाच्या वरही जावी आणि खालीही. कोठे खोदलेली खिंड, कोठे भराव, कोठे मोरी दिसावी. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनच्या (एका घट्ट फोमच्या) लाद्या एकावर एक चिकटवून चाकूने आकार द्यावा. त्यासाठी विद्रावक असलेला गोंद चालत नाही, तो लादीच खाऊन टाकतो. गरम तारेने कापायचे असेल, तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण धूर घातक असतो. त्यावर प्लास्टरची पट्टी ओली करून अंथरावी. प्लास्टरमध्येच थोडा मातकट रंग मिसळला, म्हणजे कपचा उडाला तरी पांढरे दिसत नाही. बोगद्याचे तोंड बसवण्यापूर्वी सर्वांत लांब डब्याच्या चारही कोपऱ्यांना आणि मध्यभागी दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे तुकडे चिकटवून तो डबा हाताने वळणावरून ढकलावा. वळणावर डब्याची टोके बाहेर झुकतात आणि मधला भाग आत येतो. पेन्सिलींनी आखलेल्या त्या रेषांच्या आत काहीही उभारू नये. बोगद्यात मागून हात घालता येईल एवढी वाट अवश्य ठेवावी.

खडीच्या कामात सर्वाधिक संयम लागतो आणि चांगले मार्ग येथेच बिघडतात. त्याआधी रुळांच्या बाजू गंजासारख्या तपकिरी रंगाने रंगवाव्यात आणि माथा लगेच पुसून घ्यावा. खऱ्या दगडाची बारीक खडी वापरणार असाल, तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चुंबक तीतून फिरवावे, नाहीतर लोहकण इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात. खडी लहान चमच्याने रुळांच्या मध्ये टाकून मऊ कुंचल्याने पसरवावी. ती स्लीपरच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहावी आणि रुळाच्या आतल्या कडेला एकही खडा चिकटलेला नसावा, कारण चाकाची कड तेथूनच जाते. कुंचल्याच्या दांड्याने रुळावर हलकेच टकटक केली, की स्लीपरवर अडकलेले खडे खाली बसतात. मग साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याचा बारीक फवारा उंचावरून मारून खडी पूर्ण ओली करावी. कोरड्या खडीवर गोंद टाकला, तर त्याच्या गोळ्या होतात आणि खडीत खड्डे पडतात. लाकडासाठीच्या पांढऱ्या गोंदाचा एक भाग आणि पाण्याचे दोन ते तीन भाग असे मिश्रण ड्रॉपरने दोन रुळांच्या मधोमध सोडावे, ते आपोआप कडेपर्यंत झिरपते. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांपाशी ड्रॉपर न वापरता काडीच्या टोकाने गोंद लावावा आणि तो सुकेपर्यंत पाती अधूनमधून हलवत राहावी. बाकीच्या मार्गाला पूर्ण दिवसभर हात लावू नये.

हिरवळीसाठी चाळलेल्या मातीचा थर आणि त्यावर ठिकठिकाणी गवताचे तंतू पुरेसे होतात. स्थिर विजेच्या यंत्राने सोडलेले तंतू ओल्या गोंदात उभे राहतात. एचओमध्ये ४ मिमीचा तंतू म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचे गवत, त्यामुळे कापलेल्या गवतासाठी २ मिमीचाच घ्यावा. झाडांची उंचीही अशीच मोजून ठरवावी. १२ मीटरचे झाड एचओमध्ये सुमारे १४ सेंटिमीटर भरते. तयार झाडे बहुधा याहून खुजी असतात, ती मागच्या डोंगरावर लावावीत म्हणजे अंतराचा भास होतो.

ओढ्यासाठी दोन घटकांचे इपॉक्सी रेझिन ओतण्यापूर्वी तळ रंगवून त्याच्या सर्व फटी बुजवाव्यात, कारण रेझिन सुईएवढ्या छिद्रातूनही गळते. रंग खोल जागी गडद आणि काठाशी फिका द्यावा, म्हणजे थोड्या थरातही पाणी खोल वाटते. एका वेळी सुमारे ३ मिमीचाच थर द्यावा, आधीचा घट्ट झाल्यावरच पुढचा ओतावा आणि प्रत्येक थर सुकेपर्यंत त्यावर खोके उपडे घालून ठेवावे, जेणेकरून धूळ बसणार नाही.